क्वार्ट्झ घड्याळाची चावी हातात आली. सेटिंगचे भाग परत कसे बसवायचे?

अर्धवट | शनिवार, रात्री ११:१०

मंडळी, आधीच सांगतो, चूक माझी आहे. "घड्याळजीकडे का नाही दिलंस?" हा प्रतिसाद लिहायची तसदी कुणी घेऊ नये. बायकोने तो तोंडी दिलेला आहे.

घड्याळ बाबांचं. १९९६ साली मामाने दुबईहून आणलेलं, पांढरी डायल, तीन काटे, तीनच्या जागी तारीख. मागचं झाकण उघडलं तर मशीनवर ईटा ९५५.११२ असं कोरलेलं दिसलं. सेल बदलला, घड्याळ चालू झालं. इथेच थांबायला हवं होतं. पण काचेला आतून बुरशीसारखं काहीतरी धरलं होतं, म्हटलं मशीन बाहेर काढून पुसून घेऊ. मशीन काढायचं तर आधी बाजूची चावी निघायला हवी. व्हिडिओत दाखवलं होतं की चावीच्या दांड्याशेजारी एक बारीक खळी असते, तिथे टोकदार काहीतरी दाबायचं आणि चावी ओढायची. मी दाबलं, निघेना. जोर लावून दाबलं, तेव्हा आतून "टक्" झालं आणि चावी सुळकन हातात आली.

काच लख्ख झाली आहे, ते जाऊ दे. आता चावी आत घातली की जाते, पण ओढली की अख्खी बाहेर. मधला टप्पा नाही, शेवटचा टप्पा नाही. मशीन कानाशी धरून हलवलं तर आत बारीक खुळखुळ ऐकू येते.

नक्की काय मोडलंय? घरी दुरुस्त होण्यासारखं आहे का? बाबा सोमवारी सातारहून येतायत.

---

चौथा_मजला | शनिवार, रात्री ११:२५

नवीन मशीन टाका, विषय संपवा. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटच्या बाजूला सुट्या भागांची दुकानं आहेत, तिथे मिळेल. आजकाल क्वार्ट्झ कुणी खोलून बसत नाही.

---

बेळगावी_लोणी | शनिवार, रात्री ११:३१

काय वो, बाबांना सोमवारी दुसरंच काहीतरी दाखवायला ठेवा. नवीन सून आणल्यासारखं करा, घड्याळाकडे लक्षच जाणार नाही.

---

अर्धवट | शनिवार, रात्री ११:३४

सून आहे घरात. तीच फोन करून सांगणार आहे.

---

आयग्लास | रविवार, सकाळी ७:५०

बहुतेक काहीच मोडलेलं नाही. सेट लिव्हर जागेवरून उडालाय.

माझ्या वडिलांचं मिरजेत दुकान होतं, शाळा सुटली की मी त्यांच्या टेबलाशीच बसायचो. पोटापाण्याचं काम आता वेगळं आहे, पण रविवारी टेबल लावतो. तुमच्यासारखी केस महिन्यातून एखादी तरी येते, आणि दर वेळी आणणारा माणूस अगदी "टक्" याच शब्दाने सुरुवात करतो.

आधी आत काय चालतं ते समजून घ्या, मग हात लावा.

चावीच्या दांड्याला (स्टेम) एके ठिकाणी गोल खाच असते. सेट लिव्हरचा छोटा दात त्या खाचेत बसलेला असतो, चावी बाहेर न येण्याचं कारण तोच. खळीवर हलकं दाबलं की लिव्हर थोडा वाकतो, दात खाचेतून उठतो आणि स्टेम सुटतं. "हलकं" म्हणजे फोडणीत हिंग टाकतो तितकं. जास्त दाबलं की लिव्हर आपल्या खुंटीवरूनच खाली घसरतो आणि शेजारच्यांनाही घेऊन जातो.

आता शेजारी. स्टेमच्या चौकोनी भागावर क्लच नावाचं दातेरी नळकांडं असतं. ते स्टेमबरोबर फिरतं आणि स्टेमवर पुढेमागे सरकूही शकतं. क्लचच्या कमरेला खाच असते, तिच्यात योक नावाच्या पट्टीचं टोक अडकलेलं असतं. चावी बाहेर ओढली की लिव्हर खुंटीभोवती फिरतो आणि त्याची दुसरी बाजू योकला आत ढकलते. योक क्लचला आत नेतो. म्हणजे स्टेम बाहेर येतं तेव्हा क्लच आत जातो, हा उलटा हिशोब डोक्यात बसला की निम्मं काम झालं. आत गेलेला क्लच सेटिंग व्हीलला भिडतो, त्यातून मिनिट व्हील, आणि मग काटे फिरतात. मधल्या टप्प्यात तो तारखेच्या चाकाला भिडतो.

राहिला जंपर. चावी ओढताना जी "खट्-खट्" लागते ती त्याची. जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरला खटके असतात तसे जंपरच्या स्प्रिंगपट्टीला तीन खळगे असतात आणि लिव्हरवरची पिन एकातून दुसऱ्यात उडी मारते. तुमच्याकडे खटकेच नाहीत, म्हणजे लिव्हर जंपरखालून निसटलाय. खुळखुळ बहुधा योकची.

एक प्रश्न. चावी काढताना ती आत होती की ओढलेली?

---

अर्धवट | रविवार, सकाळी ८:२०

ओढलेली. नव्या सेलवर चालू झालेलं बघितलं, मग घड्याळ थांबवायला ओढून ठेवली होती, तशीच राहिली.

---

आयग्लास | रविवार, सकाळी ८:३२

मग झालंच. या मशीनला चावी पूर्ण आत ढकलून मगच खळी दाबायची. ओढलेली असताना लिव्हर फिरून आधीच टोकाला गेलेला असतो, त्याला खाली पडायला निमित्तच हवं असतं.

@चौथा_मजला, तुमचं म्हणणं स्वस्त मशीनला लागू आहे. तिथे सेटिंगचे भाग निम्मे प्लॅस्टिकचे असतात, त्यावर दुपार घालवण्यात अर्थ नाही. हे मशीन सात ज्वेलचं (चाकांच्या टेकूला बसवलेले कृत्रिम माणिक) आहे, धातूचं आहे, स्क्रू उघडून परत लागावेत अशा बेताने बनवलंय. शिवाय मशीन बदलायचं म्हणजे डायलच्या पायांची जागा, काट्यांची भोकं, स्टेमची लांबी आणि तारखेची खिडकी हे सगळं जुळायला हवं. "साडेअकरा लाइनचं (लाइन म्हणजे मशीनच्या आकाराचं जुनं माप) आहे, बसेल" म्हणून लोक आणतात आणि मग डायलचे पाय कापून ती चिकटपट्टीने लावतात. मी अशी घड्याळं उघडलेली आहेत.

---

चौथा_मजला | रविवार, सकाळी ९:०५

बरोबर आहे, पण त्यांचं पहिलंच घड्याळ आहे हेही बघा. मोटरच्या कॉइलवर स्क्रू ड्रायव्हर घसरला की नवीन मशीनशिवाय गत्यंतर नाही. केसापेक्षा बारीक तार असते ती. मी एक मारलेलं आहे, म्हणून बोलतोय.

---

आयग्लास | रविवार, सकाळी ९:१२

हे मान्य. पण सेटिंगचं सगळं काम डायलच्या बाजूला आहे, कॉइल पाठीमागे. सेल काढून ठेवायचा, मशीन होल्डरमध्ये ठेवायचं आणि मागे हात लावायचा नाही.

---

मृद्गंध | रविवार, सकाळी ९:४०

मी हौशी, पण दोन-चार खोलली आहेत. अनुभवाचे बोल:

घरात मोझॅकची फरशी असेल तर खाली पांढरी चादर अंथरा. माझी एक स्प्रिंग त्या ठिपक्यांत हरवली ती दिवाळीच्या साफसफाईतही मिळाली नाही. उडणारा भाग काढताना मशीन आणि दोन्ही हात मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून काम करा. दिसायला वेडेपणा वाटतो, पण उडालेलं पिशवीतच राहतं.

चिमटा चुंबकीय झालेला नको. क्वार्ट्झच्या मोटरमध्ये मुळातच चुंबक असतो, त्यात चिमट्यालाही स्क्रू चिकटायला लागला की ठेवायला जातो एकीकडे आणि बसतो दुसरीकडे. पितळी चिमटा असेल तर सोन्याहून पिवळं.

आणि दर पायरीला फोटो. "लक्षात राहील" असं वाटतं. राहत नाही.

---

गुळांबा | रविवार, सकाळी १०:०२

चांगला धागा. माझं भिंतीवरचं घड्याळ रोज दहा मिनिटं मागे पडतं, सेल नवीन आहे. काय करावं?

---

बेळगावी_लोणी | रविवार, सकाळी १०:०४

दहा मिनिटं लवकर उठा की वो.

(वेगळा धागा काढा, इथे ऑपरेशन चालू आहे.)

---

अर्धवट | रविवार, दुपारी १:१५

उघडलं! काटे काढताना तिन्ही बारावर आणले, खाली प्लॅस्टिकचा तुकडा ठेवला, डायलला ओरखडा नाही. डायल सुटली. तारखेच्या चकतीवरची पातळ पट्टी काढली आणि एक केसाएवढी स्प्रिंग उडाली. मृद्गंध यांची पिशवी वापरली होती म्हणून वाचलो. त्यांना साष्टांग.

आता आतलं दिसतंय. सेट लिव्हर एका बाजूला कलंडून पडलाय, योक मोकळा आहे, मोडलेलं काही दिसत नाही. क्लच बाहेर काढून पुसला, त्यावर काळी चिकट घाण होती. बसवायचा क्रम सांगाल का?

---

आयग्लास | रविवार, दुपारी १:४०

क्रम असा ठेवा.

आधी क्लच त्याच्या जागी आडवा ठेवा आणि बाहेरून स्टेम हळूच आत सरकवा, म्हणजे क्लच चौकोनावर ओवला जाईल. सुईत दोरा ओवतो तसं. जात नसेल तर ढकलू नका, स्टेम किंचित फिरवा, चौकोन जुळला की आपोआप जातं. इथून पुढे शेवटपर्यंत स्टेम बाहेर काढायचं नाही. बाकी सगळे भाग त्याच्याच आधाराने उभे राहतात.

मग योक खुंटीवर, टोक क्लचच्या खाचेत. मग सेट लिव्हर, दात स्टेमच्या खाचेत. स्टेम थोडं आतबाहेर केलं की कुठल्या क्षणी खाच दाताखाली येते ते बोटाला कळतं. सगळ्यात शेवटी जंपरची पट्टी. ती लावताना सगळा डोलारा उचलला जातो, म्हणून लिव्हरवर लाकडी दातकोरणं टेकवून धरा आणि स्क्रू आधी निम्माच आवळा. चावी ओढून तीन खटके मोजा. तीन लागले तरच पूर्ण आवळा.

डायल आणि काटे लावायची घाई नको. तशाच उघड्या मशीनवर चावी दहा वेळा आतबाहेर करा. घसरायचं असेल तर आत्ताच घसरू दे.

---

मृद्गंध | रविवार, दुपारी १:४८

ग्रीसचं सांगा ना त्यांना. कोरडं बसवलं तर सहा महिन्यांत परत करकर.

---

आयग्लास | रविवार, दुपारी १:५५

हो, राहिलं. स्टेमचा चौकोन, क्लचची खाच, लिव्हरची खुंटी आणि जंपरचे खळगे, या चार जागी टाचणीच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस. आम्ही मोबियसचं ९५०१ वापरतो, वडील ८३०० वापरायचे. घरात नसेल तर आज कोरडंच बसवा, पण शिवणमशीनचं तेल नको. ते पसरत पसरत सर्किटपर्यंत जातं.

जाता जाता एक गंमत. या सगळ्या यंत्रणेला इंग्रजीत "कीलेस वर्क्स" म्हणतात, म्हणजे बिनचावीची. पूर्वी खिशातल्या घड्याळाला वेगळी चावी लावून पीळ भरायचे, ती कटकट आद्रियाँ फिलीपने १८४० च्या दशकात संपवली. आपण त्याच बिनचावीच्या भागाला आजतागायत "चावी" म्हणतो. वडिलांकडे एचएमटी जनता यायची, त्यातही हाच लिव्हर, हाच योक. फक्त तिथे क्लच एका बाजूने पीळ भरतो आणि दुसऱ्या बाजूने काटे फिरवतो. क्वार्ट्झमध्ये पीळ भरायचं काम गेलं, बाकी संसार तोच.

---

अर्धवट | रविवार, दुपारी ३:३०

तीन खटके लागले! बायकोला ऐकवले. ती म्हणाली, "छान."

पण शेवटच्या टप्प्यात चावी फिरवली तरी मधलं मिनिटाचं चाक ढिम्म. मधल्या टप्प्यात तारखेचं चाकही फिरत नाही.

---

आयग्लास | रविवार, दुपारी ३:३८

क्लच पुसायला बाहेर काढला होतात ना? उलटा ओवलाय. त्याची दोन टोकं सारखी नसतात. ज्या टोकाला चाकाला भिडणारे दात आहेत ते मशीनच्या मध्याकडे हवं. भिंगातून बघा, कळेल.

---

अर्धवट | रविवार, दुपारी ४:२०

उलटाच होता. सगळं परत उपसलं, परत लावलं. काटे फिरतात, तारीख फिरते. दहा वेळा आतबाहेर केलं, पक्कं आहे.

आता सेल घातला. चालत नाही!! सेकंदाचा काटा नुसता टेकवून ठेवला होता, हलत नाही. सेल नवा, कालच बदललाय, काल चालत होतं. कॉइल गेली का? मी मागच्या बाजूला हातसुद्धा लावलेला नाही, देवाशप्पथ.

---

चौथा_मजला | रविवार, दुपारी ४:२६

मीटर आहे का घरी? सेल काढून कॉइलच्या दोन टोकांवर रोध मोजा. काही किलो-ओहम आला तर कॉइल जिवंत. काहीच आलं नाही तर माझा पहिला प्रतिसाद वाचा.

---

आयग्लास | रविवार, दुपारी ४:४०

मीटर नंतर. आधी स्टॉप लिव्हर बघा.

चावी पूर्ण ओढली की सेकंद काटा थांबतो ना, ते काम एका बारक्या पट्टीचं असतं. काही मशीनमध्ये ती चाक अडवते, काहींत सर्किटला टेकून ठोके थांबवते, काहींत दोन्ही. आतला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतच असतो, त्याला तुमच्या चावीचं सोयरसुतक नाही. फक्त मोटरला जाणारा ठोका थांबतो.

योक किंवा लिव्हर बसवताना ती पट्टी चुकीच्या बाजूला अडकली, तर चावी आत असूनही घड्याळाला वाटतं की ती बाहेर आहे. मग ते गप्प उभं राहतं. "बसवल्यावर मेलं" म्हणून जी घड्याळं येतात, त्यातल्या बऱ्याच जणांचा आजार हाच.

चावी आत ढकला आणि भिंगातून त्या पट्टीचं टोक बघा. चावी ओढली की ते एका बाजूला जायला हवं, आत ढकलली की परत फिरायला हवं. हलतच नसेल तर योकच्या खाली दबलंय.

---

अर्धवट | रविवार, संध्याकाळी ५:३५

दबलं होतं.

जंपरचा स्क्रू सैल केला, योक दातकोरण्याने अर्धा मिलिमीटर उचलला, पट्टीचं टोक बोटभर... बोटभर कसलं, मुंगीभर सरकलं आणि वर येऊन बसलं. स्क्रू आवळला. सेल घातला. टिक.

मी खुर्चीवरून उठून एक फेरी मारून आलो. आयग्लास साहेब, मिरजेला आलो की तुमच्याकडे पेढे.

---

आयग्लास | रविवार, संध्याकाळी ५:४१

पेढे साताऱ्याचे आणा, बाबांना सांगा.

आता काटे लावताना एक लक्षात ठेवा. चावी शेवटच्या टप्प्यावर ओढा आणि पुढे फिरवत राहा, जोवर तारीख बदलत नाही. तारीख "टप्" बदलली की थांबा. त्याच जागी तास आणि मिनिट काटा दोन्ही बारावर बसवा. नाहीतर घड्याळ संध्याकाळी पाच वाजता तारीख बदलेल आणि तुम्ही परत धागा काढाल. दोन काट्यांमध्ये आणि काट्याचा डायलशी बारीक फट आहे ना, ते आडव्या उजेडात बघा.

---

बेळगावी_लोणी | रविवार, संध्याकाळी ६:१०

मी दिवसभर काही काम न करता हा धागा बघत बसलोय. मॅचपेक्षा भारी.

---

गुळांबा | रविवार, संध्याकाळी ६:१८

माझ्या भिंतीवरच्या घड्याळालाही असा लिव्हर असतो का?

---

मृद्गंध | रविवार, संध्याकाळी ६:३०

नसतो हो. त्याच्या पाठीवरचा गोल बटणासारखा नॉब थेट काट्यांचं चाक फिरवतो, मध्ये योक-बिक काही नाही. आणि ते मशीन खरंच आख्खं बदलून टाकतात, तिथे चौथा_मजला यांचं ऐका.

---

अर्धवट | सोमवार, दुपारी १२:२५

आणीबाणी. रात्री सगळं बंद करून झोपलो. सकाळपासून वेळ बरोबर दाखवतंय. बाबा दहाला आले, हातात घातलं, खूश झाले. आत्ता बारा वाजता जेवताना म्हणाले, "अरे, आज तारीख काय?" आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तारीख पुढे सरकली. भर दुपारी!

म्हणजे काटे चुकीचे बसवले ना मी? परत डायल काढायची? चिमटा घेऊन बसलोय, बाबा झोपले की सुरू करतो.

---

आयग्लास | सोमवार, दुपारी १२:२९

चिमटा खाली ठेवा!!

काटे बरोबर बसलेत. तास काटा दिवसात दोन फेऱ्या मारतो, तारखेचं चाक एकच. तुम्ही काल वेळ लावताना रात्रीऐवजी दिवसाच्या फेरीत लावलीत, एवढंच. चावी पूर्ण ओढा, काटे बारा तास पुढे फिरवा, चावी आत. आज रात्री बाराला तारीख बदलेल.

मग मधल्या टप्प्यावर तारीख हवी ती लावून घ्या. पण ते आत्ताच दुपारी करा. रात्री नऊच्या पुढे पहाटेपर्यंत ते दाते एकमेकांत गुंतलेले असतात, तेव्हा मधल्या टप्प्यावर फिरवू नका.

---

अर्धवट | सोमवार, दुपारी १२:४०

केलं. बाबा जागेच होते. विचारलं, "काय करतोयस?" म्हटलं, वेळ लावतोय. म्हणाले, "लावलेलीच होती की."

---

चौथा_मजला | सोमवार, दुपारी १२:५२

अभिनंदन. माझ्याकडे एक मेलेली कॉइल, एक चांगलं मशीन आणि न निघणारी चावी आहे. चावी आत ढकलून हलकं दाबायचं ना?

---

आयग्लास | सोमवार, दुपारी १२:५५

कुठलं मशीन आहे? आधी फोटो टाका, मग दाबा.